राणीच्या घागऱ्याची डावी कळी

कुसुमबाई गेल्याचा निरोप शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तेव्हा मी शिवणाच्या खोलीत मशीनला तेल देत होते. सरावलीला, राहत्या घरी, झोपेतच गेल्या असं लिहिलं होतं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणी लिहिलं, डोक्यावरचा हात गेला. कुणी लिहिलं, वरून कडक पण आतून मऊ... मी वाचलं, बोटं फडक्याला पुसली आणि परत तेलाची बुधली उचलली. खरं सांगते, मला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की सुटले. जी गोष्ट आम्हा दोघींनाच ठाऊक होती ती आता एकटीलाच ठाऊक राहिली. याला सहा आठवडे झाले, आणि सुटल्यासारखं काही झालेलं नाही, म्हणून हे लिहितेय. पुरवणीत असे लेख मी नेहमी वाचते. त्यात गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत असते. पण बाई आतून मऊ नव्हत्या. मला त्या आवडत नव्हत्या आणि त्यांना मी. हे आधी सांगून टाकलं म्हणजे पुढचं सरळ सांगता येईल.

तलासरीच्या बाजूला हायवेपासून आत एक निवासी शाळा आहे. तिथे २०१४ साली मी शिवण विभागात मदतनीस म्हणून लागले, हंगामी. वय बेचाळीस. त्याआधी वीस वर्षं घरी बसून ब्लाऊज, परकर आणि अंगणवाडीच्या पोरांचे कपडे शिवले होते. माहेर माझं सायवन, आईबाप दुसऱ्याच्या शेतावर जाणारे. बाई सरावलीच्या. घरची चिकूची वाडी, भातशेती, दारात जीप, आणि शाळेत पंचवीस वर्षांची कायम नोकरी. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं, मी सविता म्हटलं. गाव विचारलं, सायवन म्हटलं. त्यानंतर एकदाही त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ए सायवन, कात्री आण." "सायवन, ह्या मुलींना काज करायला बसव." मुलींसमोर, शिपायासमोर, पालकांसमोर. एकदा धीर करून म्हटलं, "बाई, माझं नाव सविता आहे." चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या, "शाळेत सविता चार आहेत. सायवन एकच." मुली हसल्या. मीही हसले... तेव्हा मला बाईंपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला, पण तो काढायला स्वतःवर जागा नव्हती.

त्यांचा दुसरा शब्द 'उसव'. मी तासभर बसून घातलेली शिवण त्या अंगठ्याखालून सरकवायच्या, एका ठिकाणी अंगठा थांबायचा, आणि "उसव". का उसव, कुठे चुकलं, हे सांगायच्या नाहीत. आपलं आपण शोधायचं. त्यांच्या कामात मात्र खोट निघायची नाही, आणि मी तीच शोधत बसायचे. मखमलीचा पहिला धडा त्यांनीच दिला. स्नेहसंमेलनासाठी मखमली जाकिटं शिवायची होती. त्यांनी माझ्यापुढे तुकडा टाकला आणि म्हणाल्या, "डोळे मीट. वरून खाली हात फिरव. आता खालून वर. मांजर कुरवाळलंयस ना कधी? शेपटीकडून डोक्याकडे हात नेला तर आवडतं का त्याला?" मखमलीच्या अंगावर लव असते, ती एकाच बाजूला निजलेली असते. कपड्याचे सगळे भाग त्या एकाच बाजूने कापायचे. एक भाग जरी उलटा लागला तरी उन्हात तो वेगळ्याच रंगाचा दिसतो, एक उजळ, दुसरा काळपट. म्हणून कापायच्या आधी प्रत्येक भागाच्या पाठीवर खडूने बाण काढायचा. "बाण नाही तर कात्री नाही," हे त्यांचं वाक्य. मी ते मुलींना आजही शिकवते, माझंच असल्यासारखं.

२०१६ च्या दिवाळीनंतर आमच्या प्रिन्सिपल मॅडम परदेशात मुलीकडे जाऊन आल्या आणि तिथला एक मेळा डोक्यात घेऊन आल्या. रेनेसाँ फेअर. चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातले कपडे घालून लोक फिरतात, राणीची मिरवणूक निघते, तलवारींचे खेळ होतात, विदूषक असतो. आपल्या शाळेच्या मैदानावर डिसेंबरात तसा मेळा करायचा, पालकांना बोलवायचं, असं ठरलं. मॅडम शिवणाच्या खोलीत येऊन हे सांगत होत्या आणि बाई सुईत दोरा ओवत होत्या, म्हणजे ओवायचा प्रयत्न करत होत्या.

"जत्रा म्हणा ना," बाई म्हणाल्या. "देवी कोण हिची?"

"देवी नाही हो कुसुमबाई, राणी आहे."

"मग राणीचं लुगडं आम्ही शिवायचं."

मॅडमनी मोबाईलवर फोटो दाखवला. बाईंनी तो लांब धरला, मग जवळ धरला, मग माझ्याकडे दिला. "सायवन, सांग काय काय आहे ते." मला वाटलं, हाही एक हुकूमच. आज कळतं की त्यांना तो फोटो दिसतच नव्हता.

फोटोतल्या राणीचा घागरा घंटेसारखा चहूबाजूंनी फुललेला होता. गळ्याभोवती चुण्याचुण्यांची कडक झालर होती. राणी व्हायची होती नववीतली जयू. तलासरीजवळच्या एका पाड्यावरची, हॉस्टेलला राहणारी, उंच, इंग्रजी संवाद न अडखळता म्हणणारी. झालर आत बकरमचं कडक अस्तर घालून जमली. घागरा काही फुलेना. तारेची कडी घालून पाहिली तर जयू बसली की वाकायची ती वाकडीच राहायची. मी म्हटलं, "बाई, बांबूच्या कामट्या घालू या. तार वाकली की वाकडी राहते, बांबू वाकतो आणि परत येतो." बाईंनी तारेची कडी काढून टाकली. रविवारी मी सायवनला गेले. भावाने हिरवा बांबू फोडला, कामट्या तासल्या, भिजवल्या, आणि चुलीच्या धगीवर वाकवून लहानमोठ्या पाच कड्या बांधून दिल्या. एसटीत त्या गळ्यात अडकवून आणल्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कोंबड्यांचं अर्धं तिकीट पडेल हां." खुराडं वाटलं त्याला. सोमवारी पेटीकोटात कड्या बसवल्या आणि घागरा असा उभा राहिला की मुली टाळ्या पिटायला लागल्या. मॅडम पाहायला आल्या. बाई म्हणाल्या, "सायवनहून मागवून घेतल्या. मी म्हटलं, तार वाकली की वाकडी राहते, बांबू वाकतो आणि परत येतो."

माझं वाक्य. जसंच्या तसं. मी शेजारी तोंडात टाचण्या धरून उभी होते.

मखमल आणायला आम्ही दोघी वापीला गेलो. वांग्याच्या रंगाची, दुकानात तेवढाच शेवटचा तुकडा होता. बाईंनी बोटांनीच पसंत केला. आठ कळ्यांचा, म्हणजे आठ उभे तुकडे जोडलेला घागरा आणि वरचा झगा, जेमतेम पुरेल म्हणाल्या. कापायच्या दिवशी त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि कात्री माझ्या हातात दिली. पंचवीस वर्षांत त्यांनी मखमल दुसऱ्याला कापू दिली नव्हती. "हात दुखतोय माझा," म्हणाल्या. "आणि कापणी तू केलीस हे बाहेर बोलायचं नाही. कळलं?" झगा कापून झाला. सहा कळ्या बाण काढून कापल्या. तेवढ्यात त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं. राहिलेल्या कापडाकडे मी बघितलं, दोन कळ्या काही निघत नाहीत असं वाटलं. मग हाताने वीस वर्षं जे केलं तेच केलं. कळी वर अरुंद, खाली रुंद. एकीशेजारी दुसरी उलटी निजवली की कापड वाचतं. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते कापड कमीच घेऊन येतं. कापड वाचवलं नाही तर ती कसली शिवणारीण... घरी मी असंच कापायचे, सुती कापडाला त्याने काही होत नाही. मी एक कळी उलटी ठेवली, बाण काढायचं भान राहिलं नाही, आणि कात्री चालवली. कापून झाल्यावर बघते तर खाली चांगली लांबरुंद मखमल उरलेली. पुरलं असतं. सरळ कापूनसुद्धा पुरलं असतं.

इथवर चूक होती. चुकीला मी आजही घाबरत नाही.

कळ्यांची चवड लावताना हाताला कळलं. सात गुळगुळीत, एक खरखरीत. उरलेल्या कापडातून नवी कळी सहज निघत होती. बाई येईपर्यंत कापूनसुद्धा झाली असती. मी ते उरलेलं कापड उचललं, घडी केली आणि माझ्या पिशवीत डब्याखाली ठेवलं. डोक्यात बांबूचं वाक्य होतं. मला बाईंची फजिती हवी होती, थोडीशी. मॅडमसमोर, पालकांसमोर त्यांच्या अंगठ्याखालून एक शिवण चुकीची निघावी, आणि ती कुणी दाखवावी. त्यांच्या कायम नोकरीच्या जागेचा विचार तेव्हा मनात नव्हता, असं लिहायला मला आवडलं असतं. होता.

दुसऱ्या दिवशी बाई कळ्या जोडायला बसल्या. मी समोर झालरीला टाके घालत होते. सहा जोडून झाल्या. सातवी घेतली, जोडली. आठवी घेतली आणि त्यांचा हात थांबला. कळीवरून वरून खाली फिरला. मग खालून वर. मशीनचा पाय तसाच उचललेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"कापड उरलं का गं?"

'गं' त्या मला पहिल्यांदाच म्हणाल्या.

"नाही, बाई."

"काहीच नाही?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या, आणि मशीन सुरू झालं. ती कळी पुढे डाव्या बाजूला आली. मी मनाला सांगितलं, मनगटाच्या पट्ट्यांसाठी विचारत असतील. मेळ्याला अजून दोन दिवस होते. दोन दिवस त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, साधं 'उसव'सुद्धा नाही. खोलीतल्या ट्यूबच्या उजेडात जयूला घागरा घालून पाहिला तर काही फारसं दिसलं नाही.

मेळ्याच्या दिवशी मैदानावर लख्ख ऊन होतं. ढोल वाजला, विदूषक झालेला मुलगा कोलांट्या मारत पुढे गेला, आणि मागून राणी आली. मी मांडवाच्या कडेला उभी होते. जयू मान ताठ ठेवून चालत होती, आणि तिचा घागरा पुढून उभा दोन रंगांचा होता. उजवीकडे वांगी, डावीकडे काळा, जसं कुणी दुसऱ्याच कपड्याचं ठिगळ लावलंय. पहिल्यांदा कुणी तरी खुर्चीतून म्हणालं, "अरे, आ तो अर्धी राणी छे." मग हसणं सुरू झालं. मागच्या रांगेतल्या पोरांनी ते उचललं, "अर्धी राणी, अर्धी राणी." जयूने खाली पाहिलं. एकदाच. मग सगळे संवाद म्हणाली, न अडखळता, आणि ज्या बाजूने कमी दिसेल त्या बाजूने वळून उभी राहिली. चौदा वर्षांच्या मुलीला ते लगेच कळलं, उन्हाकडे कुठली बाजू करायची... मला हवी होती ती फजिती ही नव्हती. पण मी कापली होती ती हीच.

कार्यक्रम संपल्यावर मॅडम शिवणाच्या खोलीत आल्या. घागरा टेबलावर पडला होता. "कुसुमबाई, हे काय झालं?" मी दाराशी होते. माझ्या तोंडात 'मी' हा शब्द तयार होता. बाई म्हणाल्या, "कापणी माझी. चुकली." मॅडम म्हणाल्या, "डोळे दाखवून घ्या एकदा." मी माझा शब्द गिळला. डोळे दाखवले, दोन्हीकडे मोतीबिंदू, एक तर पूर्ण पिकलेला. बाईंची नोकरीची दोन वर्षं राहिली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच राजीनाम्याचा अर्ज दिला असं सांगण्यात आलं. निरोप समारंभात त्यांनी साडी-नारळ घेतलं, भाषण केलं नाही. जूनमध्ये मी त्यांच्या खुर्चीवर बसले, कायम. मनाची समजूत मी एका वाक्यावर काढली. बाईंनी खरं लपवलं ते स्वतःच्या तोऱ्यापायी, सायवनच्या बाईने मखमल कापली हे त्यांना सांगवलं नाही, त्यात माझा काय दोष? हे वाक्य मला तीन वर्षं पुरलं.

यंदा त्यांची तब्येत बरी नाही असं कळलं आणि मी सरावलीला गेले. का गेले हे नक्की सांगता येत नाही. उरलेली मखमल पिशवीत घेऊन गेले होते, एवढं खरं. बाई मागच्या पडवीत खाटेवर बसल्या होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा तसाच. सून चहा आणून देऊन आत गेली.

"कोण? सायवन का?" पावलांवरून ओळखलं त्यांनी. "खुर्ची बरी आहे ना? डावा पाय लंगडा होता तिचा."

"दुरुस्त केला, बाई."

"हं. तुला दुरुस्त करता येतं तर."

वाडीत चिकू उतरवणाऱ्या बायकांचा आवाज येत होता. मी तोंड उघडायच्या आधी त्याच म्हणाल्या, "डाव्या बाजूची कळी उलटी होती. मला शिवतानाच लागली हाताला."

मी कप खाली ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले की. कापड उरलं का म्हणून विचारलं. दोनदा विचारलं. माणसाला अजून किती वेळा विचारायचं?"

"पण तुम्हाला ठाऊक होतं तर जयूला तशी कशी पाठवलीत? नुसत्या झग्यावर पाठवायची, मला झापायचं..."

"तुला झापलं असतं तर कापणी तुझी हे आलं असतं. मग माझे डोळे आले असते. दोन दिवस थांबले. म्हटलं, ही बोलेल, हिच्या पिशवीतलं काढेल. वाटाण्याची उसळ आणि मखमल, दोन्हींचा वास येत होता पिशवीला." त्या हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तू कापलंस, मी शिवलं. दोघींनी मिळून त्या पोरीला उन्हात उभी केली. मी माझं ओझं उचललं, नोकरी सोडून आले. तू खुर्चीवर बसलीस. बस. पण बाईंना काही कळलं नव्हतं असं मनात धरून बसू नकोस. त्यासाठी सांगितलं, बाकी काही नाही."

पिशवी माझ्या पायाशी होती. हात घालून कापड काढायचं, चुकलं म्हणायचं, एवढंच होतं. मी म्हटलं, "चहा छान झालाय, बाई." त्या म्हणाल्या, "सुनेला सांग, तिने केलाय." आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. त्यानंतर महिन्याभरात निरोप आला.

निरोप आला त्या आठवड्यात मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, जाऊ द्या, आता काय त्याचं. जयूचा नंबर मिळवून फोन केला. ती आता कॉलेजला आहे. ऐकून घेतलं तिने सगळं. शेवटी म्हणाली, "टीचर, पाड्यावर मला अजून अर्धी राणीच म्हणतात." आणि कामाला जायचंय म्हणून फोन ठेवला. तिने माफ केलं का, हे विचारायला मी परत फोन केलेला नाही. विचारायचा हक्क नाही माझा.

मग घागरा शोधला. मधल्या तीन वर्षांत तो स्नेहसंमेलनात कुणी कुणी घातला होता, हॉस्टेलच्या गच्चीवर धुऊन वाळत टाकला होता, आणि शेवटी ट्रंकेच्या तळाशी गेला होता. मी तो टेबलावर घेतला आणि डावी कळी उसवायला बसले. बाईंची शिवण सहजी सुटत नाही. सुरुवातीला आणि शेवटी तीन-तीन उलटे टाके, दात लावावे लागले. उरलेली मखमल काढली, पाठीवर खडूने बाण काढला, डोळे मिटून हात फिरवला, आणि मगच कात्री लावली. नवी कळी बसवून घागरा बांबूच्या कड्यांवर चढवला आणि खिडकीशी उभा केला. आता लव बरोबर आहे, वरून खाली, आठही कळ्या एकाच दिशेला. पण बाकीच्या सात उन्हाने विटून मातकट झाल्यात आणि ही एक पहिल्या दिवसाइतकी वांगी आहे. घागरा पुन्हा दोन रंगांचा दिसतो. मी तो तसाच ठेवलाय, दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा.

परवा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, ही एक कळी नवीन लावली का?"

"नाही," म्हटलं. "बाकीच्या सात ज्या कापडातल्या, त्यातलीच ही."

तिने दोन्हींवरून हात फिरवून पाहिला, वरून खाली, तिला शिकवलंय तसा.

"मग इतकी वर्षं कुठे होती?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.